गळ्यातलं कुणी काढलं?

१

संतपूरच्या अंकुशरावांच्या घरात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सासूच्या मेंदूचं निदान झालं आणि सुनेचं मंगळसूत्र चोरीला गेलं. गाव अजून मंगळसूत्रावरच बोलतंय. सोनं सगळ्यांना कळतं, मेंदू कुणाला कळतो?

मला हे कळलं मंजुश्रीमुळे. ही अंकुशरावांची मुलगी, निर्णा गावात दिलेली, आणि शाळेत असताना माझी विद्यार्थिनी. मी नलिनीबाई. बीदरमध्ये सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या सगळ्यांचे रक्त-लघवीचे रिपोर्ट माझ्या ओसरीवर येतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण ऐकतंय कोण.

मंजुश्रीने त्या दिवशी भलं मोठं पाकीट आणलं होतं. आत तिच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या, डोक्याच्या फिल्म होत्या. वर्षभरापासून माय विसरायला लागली, चालता येईना, लुगड्यात लघवी व्हायला लागली, म्हणून सगळं घर तिला कलबुर्गीला मोठ्या मशीनमध्ये फोटो काढायला घेऊन गेलं. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं की मेंदू पुढच्या बाजूने वाळत चाललाय, याला औषध नाही, सांभाळून ठेवा. त्यांनी सांभाळून ठेवलं, म्हणजे मागच्या खोलीत बाजेवर बसवून ठेवलं.

परत येताना वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. स्टँडवरच्या गर्दीत कुणीतरी ओढलं, असं ती म्हणाली. मंजुश्रीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"बाई, गळ्यावर साधा ओरखडा न्हाई. आणि वैनी हसायली होती. गळ्यातलं गेलं तर कोन बाई हसती? तिनं माहेरी दिलंय ते, माझं ऐका."

मंगळसूत्राचं राहू दे, म्हटलं, आईला घेऊन ये. माझ्या बहिणीची मुलगी जयंती मेंदूची डॉक्टर आहे, बीदरलाच दवाखाना आहे. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. तेव्हा चंद्रभागाबाईंना माझ्या ओसरीवरच आणून बसवलं. जयंतीने त्यांना चालवलं, बोलवलं, हातपाय हलवून बघितले. मग फिल्म खिडकीला धरली. पुन्हा बाईंकडे बघितलं, पुन्हा फिल्मकडे. मंजुश्रीला तिने पाणी आणायला आत पाठवलं आणि हळूच म्हणाली,

"मावशी, हा फोटो या बाईंचा नाही."

२

मी म्हटलं, वेडी आहेस का, वर नाव छापलंय त्यांचं. जयंती म्हणाली, नाव छापायला काय लागतं, डोकं बघ.

मग तिने मला समजावलं. माझ्यासारख्या मास्तरणीला समजावायचं म्हणजे तिचाही कस लागतो, कारण मी मध्ये मध्ये प्रश्न विचारते. विसरणं हा एकच आजार नसतो, ती म्हणाली. बाहेरून सगळे म्हातारे सारखेच विसरतात, आतलं फोटोत दिसतं. कुणाचा कानामागचा आठवणींचा छोटा भाग वाळतो. कुणाच्या मेंदूत रक्त न पोचल्याचे डाग पसरलेले असतात. कुणाच्या मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत पाणी तुंबतं आणि त्या फुगतात. आणि कुणाचा कपाळामागचा आणि कानशिलांचा भाग झिजतो. या शेवटच्या आजारात आठवण बऱ्यापैकी राहते, आधी माणसाचा स्वभाव जातो, लाजलज्जा जाते, दुसऱ्याबद्दलचं वाटणं जातं.

"फोटोत हा शेवटचा आजार आहे, अगदी पुस्तकात दाखवावा तसा. आणि या बाईंकडे बघ तू."

बघत तर मी होतेच. चंद्रभागाबाई पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखे ओढत आल्या होत्या. पण माझ्या दारात आल्याबरोबर त्यांनी पदर सारखा केला होता. उत्तर द्यायला वेळ लागायचा, पण थांबलं की बरोबर यायचं. ओल्या लुगड्याची त्यांना इतकी लाज वाटत होती की त्या बसायलाच तयार नव्हत्या. वर मलाच विचारलं, "जेवलात का बाई?" स्वभाव गेलेलं माणूस असं विचारत नाही.

"मग यांना काय झालंय?"

"चालणं, लघवी, विसरणं, तिन्ही एकत्र. मला पाण्याचा संशय आहे. आणि पाणी असेल ना मावशी, तर नळी घालून काढता येतं. बरं होण्यासारखं जे थोडं असतं, त्यातलं हे आहे."

म्हणजे बरी होणारी बाई बाजेवर बसवून ठेवली होती, आणि उशीर केला तर नळीचाही उपयोग होत नाही, असं जयंती म्हणत होती. मी म्हटलं, मग लगेच दुसरा फोटो काढा. ती म्हणाली की काढूच, पण या बाईंचा मुलगा पुन्हा पैसे आणि वेळ का घालेल? एका मोठ्या डॉक्टरने निकाल दिलाय. आधीचा फोटो खोटा कसा, ते आधी दाखवावं लागेल.

मंजुश्री पाणी घेऊन आली, सोबत माझ्याच घरातलं दूध आणि भाकरी. तिने भाकरी दुधात कुस्करून आईला भरवली. चंद्रभागाबाईंच्या तोंडात एकही दात नाही, कवळी त्यांनी कधी लावली नाही. जयंती बघत राहिली. मग तिने फिल्मवरच्या बाजूने काढलेल्या चित्रावर बोट ठेवलं. नाक, ओठ, आणि ओठांमागे वरचे दात, सगळेच्या सगळे.

त्याच दुपारी जयंतीने त्या स्कॅन सेंटरला फोन केला. अदलाबदल झाली असेल, एवढीच आम्हाला आशा होती. उत्तर आलं की त्या दिवशी डोक्याचे फोटो निघाले त्यात या एक बाई सोडल्या तर बाकी सगळे पुरुष होते. आणि जयंती म्हणत होती की भुवयांच्या आणि मानेच्या हाडांवरून फिल्मवरचं डोकं बाईचंच वाटतंय.

म्हणजे चंद्रभागाबाईंच्या नावावर दुसरीच बाई मशीनमध्ये झोपली होती.

३

मी मंजुश्रीला घेऊन संतपूरला गेले. जयंती म्हणाली, मावशी, तू जा, मला दवाखाना आहे. खरं म्हणजे तिला ठाऊक होतं की मी तशीही गेलेच असते.

अंकुशराव गरीब माणूस, स्वभावाने म्हणतेय. मागच्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेलाय. ते म्हणाले की मशीनच्या खोलीबाहेर पुरुषांना अडवलं, आम्ही बापलेक बाहेर बाकड्यावर होतो, कपडे बदलायच्या खोलीत सूनबाई आणि मंजुश्री दोघी घेऊन गेल्या. नंतर मंजुश्री त्यांच्यासाठी बिस्किटं आणायला खाली उतरली. ती कधी उतरली ते त्यांना सांगता येईना.

मुलगा शिवशंकर तूर-सोयाबीनची अडत करतो. तो मला बघूनच कुरकुरला. त्याच्या मते हे सगळं मंजुश्रीचं कारस्थान. रस्त्याकडचं रान आईच्या नावावर आहे, आईचं डोकं ठिकाणावर नाही असं कागदावर आलं की ते विकता येणार नाही, म्हणून बहीण खोटे फोटो काढवून आणतेय. मी विचारलं, मग आता आईचं डोकं बरं आहे म्हणायला तीच का आली? त्याचं उत्तर सोडून तो मंगळसूत्राचं म्हणाला की तेही कदाचित मंजुश्रीकडेच निघेल. बहिणीला भावाच्या बायकोवर संशय, भावाला बहिणीवर. असं घर मी बरंच बघितलंय.

राहिली सून विजयश्री. पन्नाशीला अजून अवकाश असलेली, गोरी, ठसठशीत बाई. तिने चहा आणला तो पाकच होता. स्वतः डब्यातून गुळाचे खडे काढून एकामागून एक तोंडात टाकत माझ्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली,

"बाई, तुमचं पोट लई सुटलंय की."

आणि हसली. मी आयुष्यभर वर्गाला गप्प केलंय, पण तेव्हा मीच पदर पोटावर ओढला. मंगळसूत्राचं विचारलं तर म्हणाली, गेलं. कसं गेलं, तर ओढलं कुणीतरी. कुठे, तर तिथंच. दुःख नाही, राग नाही. गळ्यात नुसती काळी पोत होती, शिवशंकरने तात्पुरती आणलेली.

तेवढ्यात मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी चंद्रभागाबाई अडखळून पडल्या. मी धावले. विजयश्री त्यांच्या अगदी शेजारी होती. तिने सासूला ओलांडलं आणि गुळाचा डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. मी मनात म्हटलं, काय दगड आहे ही बाई, मंजुश्री म्हणते ते खरंच.

शिवशंकरने आईला उचललं. त्याला माझ्यासमोर ओशाळल्यासारखं झालं होतं. "अशी नव्हती हो ती," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून वर मान करून बोलली न्हाई. मायची तर वेनीफनी हीच करायची. आता दुखन्याला कंटाळलीय, दुसरं काय."

मी चंद्रभागाबाईंना बाजेवर टेकवलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या,

"बाई, मी त्या भोकात गेलेच न्हाई."

४

मंजुश्रीने सांगितलं की माय हे पहिल्या दिवसापासून म्हणतेय. सगळ्यांनी तिची समजूत घातली होती, अगं माय, गेली होतीस की, तुला आठवत नाही. विसरणाऱ्या बाईची साक्ष कोण घेणार? मीही घेतली नसती, पण माझं लक्ष त्यांच्या दुसऱ्या हाताकडे होतं. तो गळ्यातल्या मंगळसूत्रावर गच्च होता.

मी सहज म्हटलं की दोरा नवा दिसतोय. तर अंकुशराव लाजत बोलायला लागले. त्यांच्या हृदयाच्या आजारपणात बायकोच्या मंगळसूत्राचा दोरा कुजला होता. गळ्यातलं उतरवायला ही तयार होईना, नवऱ्याचा जीव त्यात आहे म्हणाली. शेवटी औरादचा पटवेकरी घरी आला, अंगणात बसून नव्या दोऱ्यात मणी आणि जुन्यांसारख्याच नव्या वाट्या ओवल्या, ते आधी गळ्यात घातलं आणि मग जुनं कापलं. एक क्षण गळा मोकळा ठेवू दिला नाही हिने.

"मग मशीनमध्ये जाताना काढलं कसं?" मी विचारलं. "तिथं टाचणीसुद्धा चालत नाही."

"काढलं असंल सूनबाईनं," अंकुशराव म्हणाले, पण त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता.

मला एकदम सगळं दिसलं. मंगळसूत्र निघालं नाही, म्हणजे चंद्रभागाबाई आत गेल्याच नाहीत. त्या खरं बोलत होत्या. त्या रडल्या असतील, गळा धरून बसल्या असतील, आणि बाहेरून नाव पुकारलं जात असेल. दवाखान्याचा झगा, डोक्यावर कापड, तोंडावर मशीनची जाळी. कपडे बदलायला सांगणारी वेगळी, मशीन चालवणारा वेगळा. त्याला एक बाई हवी होती, त्याला एक बाई मिळाली.

पण दोघींपैकी कोण? मंजुश्री बिस्किटं आणायला गेले म्हणते, ते तिचं तिलाच माहीत. मी तिला म्हटलं, हस बघू. ती गोंधळून हसली. दाढेवर स्टीलची टोपी चमकली, ती शाळेत होती तेव्हापासून मी बघतेय ती टोपी. जयंतीला फोन केला. ती म्हणाली की तोंडात तसली टोपी असली तर फोटोत तिथं मोठा काळा डाग येतो, आजूबाजूचं सगळं वाकडं दिसतं. या फिल्मवर तसलं काही नाही.

राहिली एकच. आणि तिचंच मंगळसूत्र त्याच दिवशी गेलं होतं.

मी स्कॅन सेंटरला स्वतः फोन लावला. पलीकडची मुलगी कन्नडमधून आधी वैतागली, मग मी तिला अव्वा, म्हणजे माय, म्हणून चार शब्द गोड बोलले तशी उठून बघून आली. होतं. मंगळसूत्र कपडे बदलायच्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगलेलं सापडलं होतं, खणात ठेवलंय. दिलेल्या नंबरावर फोन केला होता, ती म्हणाली, पण एक बाई नुसती हसली आणि तिने फोन ठेवून दिला.

५

खरं सांगते, मला फार आनंद झाला. चोरी झालीच नव्हती, रानाचं कारस्थान नव्हतं, चंद्रभागाबाई बऱ्या होणार होत्या. एका घराचे सगळे संशय मी एका दुपारी पुसले होते. अंगणात उभी राहून मी जयंतीला पुन्हा फोन केला आणि सगळं एका दमात सांगितलं. सासूने गळ्यातलं काढू दिलं नाही म्हणून सुनेने स्वतःचं काढून खुंटीला लावलं आणि तिच्या जागी झोपली. फोटो विजयश्रीचा आहे.

तिने माझं कौतुक केलं नाही.

"मावशी," जयंती म्हणाली, "तिचं वय काय?"

मी सांगितलं.

"फोटो कुणाचा ते आपण शोधत बसलो. फोटोत काय आहे ते विसरलो."

मला कळायला वेळ लागला. मग मी तिथंच अंगणातल्या दगडावर बसले. समोर स्वयंपाकघराच्या दारात विजयश्री उभी होती, गूळ खात. जयंती एकेक विचारत होती. गोड फार खाते का? तोंडावर काहीही बोलते का? पूर्वी अशी नव्हती, असं घरचे म्हणतात का? सासू पडली तेव्हा काय केलं म्हणालीस? मी प्रत्येकाला हो म्हणत होते. हा आजार चाळिशी-पन्नाशीतही गाठतो, ती म्हणाली, आणि घरची माणसं त्याला स्वभाव म्हणतात. मी दगड म्हटलं होतं.

"याला काय आहे गं? नळी?"

"नाही मावशी. याला काही नाही."

६

दोघींचे फोटो पुन्हा काढले. या वेळी जयंती स्वतः कपडे बदलायच्या खोलीत गेली. तिने हळदीत बुडवलेला सुती दोरा नेला होता. तो आधी चंद्रभागाबाईंच्या गळ्यात बांधला आणि मग मंगळसूत्र अंकुशरावांच्या हातात दिलं. सुताला मशीन काही करत नाही. बाहेर बाकड्यावर अंकुशराव म्हणाले की तेव्हा एवढंच कुणाला सुचलं असतं तर. मी त्यांना म्हटलं नाही की मग विजयश्रीचं कुणालाच कळलं नसतं. कळून तरी काय झालं होतं?

शिवशंकरने बायकोला सगळ्यांसमोर विचारलं की तू झोपलीस ते सांगितलं का नाहीस.

"कुनी इचारलं?" विजयश्री म्हणाली. "चोरी झाली का इचारलं, मी व्हय म्हनलं. आत्याबाई रडायल्या होत्या. मीच झोपले. फोटोच तर काढायचा व्हता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जयंतीला मी विचारलंय की ती झोपली ते मायेपोटी, का गळ्यातल्याचं काही वाटेनासं झालं होतं म्हणून. त्या जागी दुसरी कुठलीही सून घाबरली असती, सवाष्णीचं गळ्यातलं काढायला तिचा हात धजावला नसता. जयंती म्हणाली की हे फोटोत दिसत नाही.

चंद्रभागाबाईंच्या फोटोत आतल्या पोकळ्या फुगलेल्या निघाल्या. हैदराबादला ऑपरेशन झालं, डोक्यातलं पाणी नळीने पोटात सोडलं. विजयश्रीचा नवा फोटो जुन्यासारखाच होता, थोडा जास्त. शिवशंकर तो हातात घेऊन जयंतीला विचारत राहिला की मायचं झालं तसं हिचं कधी करायचं, तारीख द्या. तिने समजावलं. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. मंजुश्री भिंतीकडे तोंड करून रडत होती. वैनीला मी चोर म्हनले बाई, एवढंच म्हणायची.

परवा मी संतपूरला जाऊन आले. दार चंद्रभागाबाईंनी उघडलं, पाय उचलून चालत आल्या. मला जेवलात का विचारलं. मंगळसूत्र कलबुर्गीहून परत आलंय, पण विजयश्रीच्या गळ्यात टिकत नाही. ती काढून कुठेही ठेवते, आणि सासू शोधून पुन्हा घालते.

विजयश्री आता घास चावायला थांबत नाही, तोंड भरत राहते आणि ठसका लागतो. म्हणून चंद्रभागाबाईंनी तिच्यासमोर बसून भाकरी दुधात कुस्करली. बत्तीस दातांच्या सुनेला तोंडाचं बोळकं झालेली सासू भरवत होती. मध्ये थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, माझ्या डोक्यातलं पानी तुमी काढलात. हिचं कामून काढंनात?"

मी सांगितलं की तिच्या डोक्यात पाणी नाही.

"मग काय हाय?"

विचारता विचारता त्यांनी पदराने सुनेचं तोंड पुसलं आणि पुढचा घास केला.